कोंबड्याचं काय करायचं?

वर्ध्यात एके काळी जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा संघ होता. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींचा ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ, हातकागद, साबण अशा एकेका धंद्याचे प्रयोग सुरू झाले. मधमाशीसुद्धा त्यात होती, आणि तिला लाकडी पेटी मिळाली. १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ आला. सप्टेंबर १९४१ मध्ये जमनालालजी बजाजांनी गोसेवा संघ काढला आणि आमच्या पांढऱ्याशुभ्र गौळाऊ गाईची कीर्ती जिल्ह्याबाहेर गेली. आपल्या मरणानं मेलेल्या जनावराच्या कातड्याचीही सोय नालवाडीच्या चर्मालयात झाली. एवढ्या सगळ्यांत कोंबडी कुठेच नव्हती, आणि तीही अशा गावांमध्ये, जिथं सकाळी दार उघडलं की अंगणात आधी तीच दिसायची.

मी सेलू तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. कोंबडीला संघ का मिळाला नाही, यावर मी बराच विचार केला आहे. सोपं उत्तर असं की आश्रमवाले शाकाहारी, त्यांना कोंबडी कशी चालणार? उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. खरी अडचण कोंबडीची नव्हती, कोंबड्याची होती.

गाईचं बघा. वासरू नर निघालं तर त्याचा गोऱ्हा होतो, गोऱ्ह्याचा बैल होतो, आणि बैल कापसाच्या वावरात डवरा ओढतो. गौळाऊ बैलाची ख्याती तर चालीची. म्हणजे नराला काम आहे. कोंबडीच्या खाली ११ अंडी ठेवा. ९ फुटली तर त्यातले चार-पाच नर. १५–२० कोंबड्यांच्या कळपाला एक नर पुष्कळ झाला. उरलेले अंडं देत नाहीत, नांगर ओढत नाहीत, दाणे मात्र खातात आणि दिवसभर एकमेकांच्या तुऱ्याला लागतात. त्यांचं काय करायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं लागतं. अहिंसेच्या हिशेबात हे गणित सुटत नाही. म्हणून मला वाटतं, ते मांडलंच गेलं नाही.

गावानं ते केव्हाच सोडवलं होतं. जास्तीचा कोंबडा पाहुण्याचा, जावयाचा, आखाडीचा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या करीचा. एखादा तेजतर्रार निघालाच, तर कोंबडबाजारात झुंजीला जायचा. ही झुंज कायद्यानं बंद आहे. तरी हिंगणघाट-समुद्रपूरकडं पोलिसांनी नाल्याकाठी धाड घातल्याची बातमी अजून अधूनमधून पेपरात येते. पण कोंबड्यावर पहिला हक्क देवाचा असायचा. गोंड वस्तीत बळी द्यायच्या आधी कोंबड्यापुढं तांदळाचे दाणे टाकतात. त्यानं टिपले तर देवानं मान्य केलं, नाही टिपले तर थांबायचं. महारवाड्यात मरीमायला कोंबडं जायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि आमच्या भागातल्या वस्त्यांच्या वस्त्या बौद्ध झाल्या. मरीमायचा नवस थांबला. त्याच अंगणातल्या कोंबड्या मात्र राहिल्या. एवढंच झालं की जो कोंबडा देवीच्या नावानं राखून ठेवायचे, तो आता बाजारात जाऊ लागला आणि त्याचे पैसे घरात येऊ लागले. धर्मांतराच्या इतिहासात ही ओळ कुणी लिहीत नाही. कोंबडी पाळणाऱ्या बाईच्या हिशेबात मात्र ती आहे.

तो हिशेब बाईचाच. बैल, कापूस, ज्वारी यांचा व्यवहार पुरुषांकडे, अंड्यांचा आणि कोंबडीचा बाईकडे. आमच्या आजीच्या कनवटीला जो पैसा असायचा तो बहुतेक कोंबडीचा. वहीपेन्सिल त्यातून यायची, आजोबांना विचारावं लागायचं नाही. जिच्याजवळ कोंबडी घ्यायलाही पैसे नसत, तिला दुसरी एखादी बटईनं कोंबडी द्यायची. राखायची हिनं, पिल्लं निम्मी-निम्मी. शेताची बटई कागदावर व्हायची, कोंबडीची तोंडी. ती मोडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. माळकऱ्यांच्या आणि गुरुदेवभक्तांच्या घरी मात्र कोंबडी नसायची. त्या घरच्या पोरी आमच्याकडे पिल्लं बघायला यायच्या.

अंडी बसवायची म्हणजे आजीचं कामच असायचं ते. कोंबडी खुडूक झाली की लगेच ओळखू येते. अंडं घातल्यावर टोपलीतून उठत नाही, पिसं फुलवून बसते, जवळ गेलं की घशातल्या घशात कुरकुरते. पोटाखाली हात घातला तर तिथली पिसं झडून उघडी झालेली कातडी कढत लागते. आजी आधी तिला दोनतीन दिवस एखाद्या फुटक्या अंड्यावर नाहीतर गोल दगडावर बसू द्यायची. खरंच खुडूक आहे की नुसतं नाटक, हे कळायला पाहिजे. मग टोपलीत राख, वर तणस, कडेला एखादा कोळसा नाहीतर खिळा. वीज कडाडली की अंडी नासतात, लोखंडानं वाचतात, असा समज. अंडी आठवड्याच्या आतली, कवच गुळगुळीत, फार लांबट नाही, फार गोल नाही, आणि नेहमी विषम: ९, ११ किंवा १३. विषमच का, असं विचारलं की उत्तर यायचं, "तसंच असते." पुढे मी प्राणिशास्त्र शिकले, तरी या प्रश्नाला त्याहून चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र पुस्तकात सापडली. आजी होळीनंतर अंडी बसवायची नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कोंबडीच्या पोटाखाली लागते ती ऊब साधारण साडेसदतीस अंशांची. म्हणजे उन्हाळ्यात अख्खं घरच उबवणी यंत्र होतं, फक्त बिघडलेलं. हवा विशीच्या बरीच वर गेली की अंड्यातल्या जिवाची वाढ हळूहळू सुरू होते. टोपलीत बसवायच्या आधीच काही अंडी अर्धवट चालू झालेली, काही थांबलेली, काही मेलेली. बायका ती ज्वारीच्या कोठीत पुरून नाहीतर माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायच्या, ते त्यासाठीच. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतची पिल्लं जगतात, पावसाळ्यातली ओलीनं जातात, हेही त्यांना पाठ. पिल्लं निघाली की घार, कावळा, मुंगूस, धामण हे सगळे वाटेकरी. त्यात सगळ्यांत मोठा वाटेकरी मानमोडी.

मानमोडी म्हणजे राणीखेत. १९२० च्या दशकात कुमाऊंतल्या राणीखेतला हा रोग ओळखला गेला म्हणून ते नाव. कोंबडी पेंगते, हिरवी हगवण लागते, मान वाकडी होते, आणि तीनचार दिवसांत अंगण रिकामं. ही साथ आली की आजी डालग्याकडं बघायचीही नाही. लस होती. पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत ती बनते. तीही कोंबडीच्याच अंड्यात वाढवतात, नऊदहा दिवस उबवलेल्या, आत गर्भ असलेल्या अंड्यात. पण लसीची बाटली निदान शंभर मात्रांची. एकदा पाणी घालून विरघळवली की ती बर्फावर ठेवून तासा-दोन तासांत संपवायची. ज्या घरात ८ कोंबड्या, त्यांनी ती कशी आणायची? त्यासाठी गावातल्या सगळ्या बायकांनी एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, एकत्र यायला हवं. गाईसाठी जो संघ झाला, त्यातला एक छोटासा तुकडा इथं पुरला असता.

आता गांधीजींकडे वळते, कारण वर्ध्यात राहून त्यांना वगळून अंड्यावर लिहिता येत नाही. अंडं हा त्यांच्यासाठी शेवटपर्यंत चालू राहिलेला प्रश्न होता. विलायतेत विद्यार्थी असताना त्यांनी काही दिवस अंडी खाल्ली. पुढे आईला दिलेल्या शब्दाचा अर्थ आईच्या समजुतीप्रमाणेच घ्यायचा, असं ठरवून सोडली. मुंबईत त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला, मणिलालला, विषमज्वर झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितला. गांधीजींनी नकार दिला, ओल्या फडक्यांचे उपचार केले, पोरगा वाचला. आत्मकथेत हे सगळं आहे. ते वाचताना बापाचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते कळतं.

पण १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं, 'आरोग्य की कुंजी', तेव्हा त्यांचं मत बरंच मोकळं झालेलं दिसतं. त्यात ते म्हणतात, लोक अंड्याला मांस समजतात, पण ते तसं नाही. कोंबड्याचं तोंडही न पाहता कोंबडी अंडं देऊ शकते. त्यातून पिल्लू कधीच निघत नाही. तेव्हा ज्याला दूध चालतं त्याला असं अंडं चालायला हरकत नसावी. म्हणजे गांधीजींनीही शेवटी कोंबड्याचा प्रश्न सोडवला, आणि तो कोंबड्याला वगळूनच. हे वाचलं की मला सेवाग्रामच्या वस्तीतलं अंगण आठवतं. १९३६ च्या एप्रिलअखेर ते राहायला आले तेव्हा ते गाव शेगाव होतं, आणि वस्तीत दलितांची घरं पुष्कळ. तिथल्या कोणत्या बाईनं कोंबडीला कोंबड्यापासून वेगळं ठेवलं असेल? मोकळ्या अंगणात ते होत नाही. ज्या अंड्यातून पिल्लू निघू शकतं ते निषिद्ध, ज्यातून निघू शकत नाही ते चालेल. हे दुसरं अंडं देणारी कोंबडी गावात नव्हती. तिला पिंजरा लागतो.

शाळेच्या बाबतीतही असंच झालं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली आणि हातानं काम करत शिकायची कल्पना, म्हणजे नई तालीम, मांडली गेली. परिषदेनं नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनं २ डिसेंबरला अहवाल दिला. मूळ उद्योग म्हणून सूतकताई-विणकाम, सुतारकी, शेती, फळभाज्यांची बाग, चामड्याचं काम सुचवलं होतं. शिवाय एक मोकळी जागाही सोडली होती: त्या त्या भागाच्या परिस्थितीला अनुकूल असा, शिक्षणाच्या दृष्टीनं भरलेला कोणताही उद्योग. त्या जागेतून कोंबडी आत येऊ शकली असती. पण सेवाग्रामच्या शाळेत सूत कातायची टकली आली, शेत आलं, स्वयंपाक आला, सफाई आली, कोंबडी आली नाही. समवाय हा त्यांचा आवडता शब्द. म्हणजे हातातल्या कामातूनच गणित, भूगोल, विज्ञान निघालं पाहिजे. टकलीतून ते काढायला शिक्षकाला पुष्कळ कसरत करावी लागते, हे मला जुन्या शिक्षकांनी सांगितलं आहे. कापसाच्या जिल्ह्यात सूत हेच बरोबर, हे मान्य. तरी २१ दिवसांत अंड्यातून जीव बाहेर पडतो, यात जेवढा समवाय आहे तेवढा टकलीत नाही, असं माझं मत आहे.

हे नवीनही नाही. ॲरिस्टॉटलनं अंडी फोडून आतली वाढ बघितली आणि तिसऱ्या दिवशी रक्ताचा ठिपका उडताना दिसतो, असं लिहून ठेवलं. तो ठिपका म्हणजे हृदय. आमच्या बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकातही तेच होतं: २४ तास, ३३ तास, ४८ तास, ७२ तास, काचपट्टीवर लाल रंगात रंगवलेले गर्भ. त्या पट्ट्या बाहेरून विकत आणलेल्या. परीक्षेला जो तो आकृती पाठ करून यायचा. ज्या मुलींच्या घरी टोपलीत कोंबडी बसलेली होती, त्याही पाठच करायच्या.

दरम्यान कोंबडीच बदलली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून सरकारनं कुक्कुटपालनात हात घातला. मुंबईपासून भुवनेश्वरपर्यंत प्रजनन केंद्रं निघाली, पांढरी लेगहॉर्न आणि तांबडी ऱ्होड आयलंड रेड आली. गावोगावी गावरानी कोंबडा घेऊन जातिवंत कोंबडा द्यायच्या योजना आल्या. लेगहॉर्न वर्षाला अंडी पुष्कळ देते, पण ती खुडूक होत नाही. होत नाही म्हणूनच देते. खुडूक कोंबडी महिना-दीड महिना अंडं देत नाही, हे अंडीवाल्याचं नुकसान. म्हणून पिढ्यान् पिढ्या निवड करत आईपणाची ती सवयच काढून टाकली. मग पिल्लं काढायची कुणी? यंत्रानं. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी सुरू केलेल्या वेंकटेश्वर हॅचरीजनं हा धंदा देशभर नेला आणि पुणे त्याचं केंद्र झालं. १९८२ मध्ये अंडी समन्वय समिती निघाली. 'संडे हो या मंडे' ही तिची जाहिरात घरोघरी पोचली. वर्ध्यातला किराणावाला आजही सकाळी नागपूरचा जाहीर झालेला भाव बघून अंड्याचा दर लावतो.

यंत्रातही निम्मे नर निघतातच. अंड्यांसाठीच्या जातीचा नर मांसालाही पुरत नाही, वाढ हळू. जपानी शास्त्रज्ञांनी १९२०–३० च्या दशकांत एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखायची रीत काढली. पुढे पंखांच्या पिसांवरून ओळखता येईल अशा जाती निघाल्या. त्यामुळे नर पहिल्याच दिवशी वेगळे काढता येऊ लागले आणि जगभर त्याच दिवशी मारले जाऊ लागले. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यातले काही वाचतात, पण ते कसे? सायकलीच्या मागे जाळीची टोपली, तिच्यात गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं, आणि भंगाराच्या बदल्यात एक पिल्लू. विदर्भातल्या कुठल्याही गावातल्या पोरानं ती घेतलेली आहेत. बहुतेक आठवड्याभरात मरतात. पिल्लू निघायच्या आधी अंड्यातला पिवळा बलक पोटात ओढून घेतं, त्यावर ते दोनतीन दिवस दाण्यापाण्याशिवाय काढतं. त्याच जोरावर पुठ्ठ्याच्या खोक्यात, चार कप्प्यांत २५–२५ अशी, ती रेल्वेनं, ट्रकनं कुठंही जातात. पण त्यानंतर ऊब लागते, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास. ती गुलाबी रंगाला कुठून येणार!

शाळेत कोंबडी आणण्याचं श्रेय महाराष्ट्रात पाबळला जातं. पुणे जिल्ह्यातल्या त्या गावी डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत शिकलेला, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेला हा माणूस नई तालीमच्या वाटेनंच चालला होता, फक्त टकली सोडून. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात वेल्डिंग, वीज, बांधकाम यांच्याबरोबर पशुपालनही होतं, आणि मुलं कोंबड्या वाढवायची. खाद्य किती, वजन किती वाढलं, पदरात काय पडलं, सगळं वहीत. तिथल्या कोंबड्या मांसाच्या जातीच्या, लोक ज्यांना बॉयलर म्हणतात त्या. त्यात नर-मादी दोघांचाही शेवट एकच, म्हणून कोंबड्याचा प्रश्न तिथंही आला नाही. उबवणं मात्र राहून गेलं.

आमच्या वर्गात ते आलं ते लोडशेडिंगमुळे. २००५ नंतरची ती वर्षं ज्यांनी खेड्यात काढली त्यांना सांगायला नको. सातवीला सजीवांच्या वाढीचा धडा होता. मी थर्माकोलच्या पेटीत ४० वॅटचा दिवा, थर्मामीटर आणि पाण्याची वाटी ठेवून यंत्र केलं होतं. वीज दिवसातून किती तास असेल याचा नेम नव्हता, मग पेटीचा पारा पोरं नुसता बघत बसायची. चौथ्या की पाचव्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी, गोंड वस्तीतली, वर्गात फारसं न बोलणारी, म्हणाली, "बाई, दिवा काऊन पाह्यजे? आमची खुडूक हाये, तिले आणतो."

आणली. कपाटामागच्या कोपऱ्यात टोपली ठेवली, समोर पोतं टांगलं. त्या मुलीच्या आईनं निरोप पाठवला होता की अंडी मंगळवारी बसवा. मंगळवारी बसवली की २१ दिवसांनी मंगळवारच येतो, शाळा चालू असते. रविवारी पिल्लं निघाली तर कावळ्याला कोण हाकलणार? हे मला कुठल्या हस्तपुस्तिकेत सापडलं नसतं. पोरांनी नोंदी ठेवल्या. कोंबडी दिवसातून एकदाच उठायची, बाहेर जाऊन हगायची, दाणे टिपायची, धुळीत लोळायची आणि १५–२० मिनिटांत परत. अंडी चोचीनं उलटीपालटी करायची, मधली कडेला, कडेची मध्ये. सातव्या दिवशी कार्यालयातल्या अंधाऱ्या खोलीत बॅटरीपुढं पुठ्ठ्याची नळी धरून आम्ही अंडी तपासली. आत लाल शिरांचं जाळं, मधे एक काळा ठिपका हलताना दिसला तेव्हा खोलीत जो गलका झाला, तो तपासणीला आलेल्या साहेबांना आवडला नसता. सुदैवानं त्या दिवशी कुणी आलं नव्हतं.

एका मुलानं गुपचूप किराणा दुकानातलं पांढरं अंडं पेन्सिलीनं खूण करून टोपलीत घातलं होतं. ते बॅटरीपुढं साफ निघालं, नुसता पिवळसर उजेड. ते नासलं आहे का? नाही. मग त्यात पिल्लू का नाही? इथून वर्ग गांधीजींच्या पुस्तकापर्यंत गेला. मी ठरवलं नव्हतं, पण वर्ध्यात हे असं होतंच. पिंजऱ्यातल्या कोंबडीनं कोंबडा पाहिलेलाच नसतो, हे सांगितल्यावर पोरी आधी हसल्या. मग एकीनं विचारलं, तिथले कोंबडे कुठं जातात? मी सांगितलं. रंगीत पिल्लांचंही सांगितलं. नंतर थोडा वेळ वर्गात मलाच काही सुचलं नाही. एका पालकांनी दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, शाळेत कोंबडी कशाला, हे काय शिक्षण आहे? मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि वहीतल्या नोंदी दाखवल्या. ते बऱ्यापैकी शांत होऊन गेले, पटून नाही.

अठराव्या दिवसानंतर त्या मुलीनं टोपलीजवळ कुणाला जाऊ दिलं नाही. विसाव्या दिवशी कवचाच्या आतून चिवचिव ऐकू आली. पोरं ओळीनं कान लावायला यायची, आणि कोंबडी प्रत्येकाच्या कानाचा समाचार घ्यायची. मंगळवारी सकाळी चोचीच्या टोकावरच्या पांढऱ्या दाण्यानं आतून टोचत एकेक कवच उघडलं. पिल्लं दोनतीन दिवस शाळेत ठेवून मुलीच्या घरी गेली, ठरल्याप्रमाणे. पुढे मी वर्गात विचारलं, यातले कोंबडे किती निघाले? तिनं बोटं दाखवली, चार. आणि त्यांचं काय करणार? ती माझ्याकडे, बाई असं काय विचारता, अशा नजरेनं बघत म्हणाली, "एक कळपाले. बाकीचे पाव्हण्याले." वर्गात माळकऱ्याची मुलगी होती, तीही काही बोलली नाही. तो प्रश्न माझ्यापेक्षा त्या सगळ्या पोरांच्या घरी जुना होता.

शाळा आणि अंडं यांचं नातं पुढे निराळ्या मार्गानं पेटलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी बंद केला. त्यावर शाळाशाळांत वाद झाले, ते सगळे खायच्या अंड्याचे. ते अंडं पिंजऱ्यातलं होतं, म्हणजे गांधीजींच्या १९४२ च्या कसोटीला बसणारं. ही गोष्ट वादात कुणी काढल्याचं मी ऐकलं नाही.

अंगणातली कोंबडी मात्र संपली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात एकूण ८५ कोटींवर कुक्कुट पक्षी मोजले गेले, त्यात परसातले ३१ कोटी ७० लाख, आधीच्या गणनेपेक्षा साधारण ४६ टक्क्यांनी जास्त. आमच्याकडे बचत गटांच्या बायका गिरिराज, वनराज ही सुधारित पिल्लं घेतात. गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची. दिसायला रंगीत, वजनाला भारी, अंगणात चरणारी. यंत्रातून निघालेली असल्यानं त्यांना आई नाही, आणि उबेला दिव्याचं बिल परवडत नाही. तेव्हा बायकांनी आपली रीत काढली आहे. घरात एखादी गावरानी खुडूक होऊन बसली की तिला २१ दिवस पुरे होईपर्यंत दोनचार अंड्यांवर बसवतात. बाजारातून एकदोन दिवसांची पिल्लं आणतात आणि रात्री अंधार पडल्यावर, कोंबडी डोळे मिटून असताना, अंडी काढून एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवतात. उजेडात केलं तर टोचून मारते. सकाळी ती सगळ्यांना आपलीच म्हणून दाणे उकरून द्यायला निघते. रंगाचं तिला काही नसतं. आकारात फार फरक असला तर एखाद्याला हाकलते, म्हणून एकाच वयाची घ्यायची.

आणि सेलूच्या बाजारात परवा बघितलं ते वेगळंच. महिन्याची गिरिराज पिल्लं विकणाऱ्याला एक बाई निक्षून सांगत होती, मले नरच दे, मादी नोको. नर भरभर वाढतो, पोळ्याच्या करीपर्यंत तीन किलोला जातो, आणि अंड्यापेक्षा त्याचे पैसे एका हातानं मिळतात. पिल्लंवाला पंख ताणून, तुरा बघून एकेक नर वेगळा काढून देत होता आणि नरामागे चार रुपये जास्त लावत होता.